पाचव्या अंकाचा दोरा

सरांच्या बैठकीत बसायच्या जागा भरपूर होत्या, पण त्या सगळ्या अडवलेल्या असत. एक हात मोडलेली आरामखुर्ची, एक पत्र्याची पेटी, एक तिपाई आणि खिडकीचा रुंद कट्टा. नवा माणूस आत आला की साहजिकच आरामखुर्चीकडे वळायचा. सर लगेच हात आडवा धरायचे.

"तिथं न्हाई. तिथं साहेब बसलेत."

खुर्ची रिकामी असायची. माणूस खुर्चीकडे पाहायचा, मग सरांकडे, मग आतल्या दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे. काकू म्हणायच्या, "खाली बसा हो, सतरंजीवर. त्या साहेबाचं बूड लग्नापासून बघून राह्यले मी, एक डाव उठला न्हाई."

हे साहेब म्हणजे टीकाकार. एका जुन्या विलायती नाटकावर शेकडो वर्षं ज्यांनी लिहिलं, ते सगळे सरांच्या त्या लहानशा खोलीत राहायला आले होते. नाटक एका परक्या सेनापतीचं. त्याने प्रेमाने लग्न केलं, मग हाताखालच्या एका दोस्ताच्या सांगण्यावरून बायकोचा संशय घेतला, तिचा हरवलेला रुमाल दुसऱ्या माणसाकडे दिसला तोच पुरावा मानला आणि शेवटी तिला मारलं. सर नाटकाचं नाव घेत नसत, त्यातल्या माणसांचीही नाही. नवरा, बायको, बाप, दोस्त, एवढंच. "नाव घेतलं की पुस्तक होतं," ते म्हणायचे. "नाव घेऊ नका, मंग ते गल्लीतलं होतं."

मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली जालन्याच्या मालधक्क्यावर झाली आणि आम्ही सिकंदराबादहून इथे आलो. तिथे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. इंग्रजी मला लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की कोणत्याच भाषेत तोंड उघडत नसे. जालन्यात मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून मी घरून इंटरची परीक्षा द्यायची असं ठरलं. त्या वर्षीही नेमलेलं नाटक तेच होतं. हैदराबादहून मागवलेलं पुस्तक शेवटपर्यंत आलं नाही, आणि गावात त्याची एकच प्रत होती, सरांकडची. ते सरकारी हायस्कुलातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणत.

एक टांगा मला दुपारी कुंडलिका नदीच्या पुलावरून पलीकडच्या कादराबाद भागात, सरांच्या घरी नेऊन सोडायचा आणि उन्हं कलली की परत आणायचा. सकाळी मुलांची शिकवणी असायची, दुपारी मी एकटी. काकू उंबऱ्याशी शेंगा फोडत किंवा ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. मी त्यांच्या बाजूला, सतरंजीच्या अगदी कडेला.

शिकवायची सरांची पद्धत मी नंतर कुठे पाहिली नाही. एक प्रवेश वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि फेरी सुरू. आधी ते आरामखुर्चीत बसायचे. मान एका बाजूला टाकून, डोळे अर्धे मिटून, एखाद्या जुन्या वकिलासारखे बोलायला लागायचे. "हुजूर, माझा अशील दिलाचा साफ आहे. शेरदिल आदमी. जंग त्याला समजते, घर समजत न्हाई. त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं दोस्तावर भरोसा ठेवला." बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखर ओला व्हायचा.

मग ते उठून पत्र्याच्या पेटीवर जायचे. तिथे बसलं की पाठ ताठ आणि ओठ पातळ. "काही साफबिफ न्हाई. त्याला बायकोवर प्रेम न्हवतंच. बायको आपल्याकडे कशी बघते, त्यावर प्रेम होतं. आरशाला तडा गेला म्हणून आरसा फोडला, बस." आरामखुर्ची आणि पेटी यांचं जन्माचं वैर होतं. सर दोघांच्या मधे येरझाऱ्या घालून भांडायचे, आणि कधी कधी पेटीवरचे साहेब फार टोचून बोलले तर खुर्चीपाशी येऊन हळू आवाजात म्हणायचे, "त्यांचं मनावर घेऊ नका."

खिडकीच्या कट्ट्यावर घड्याळवाले साहेब. त्यांचं म्हणणं, नाटकातले दिवस मोजले तर बायकोला काही वावगं करायला वेळच मिळत नाही. कालच बोटीतून उतरले, आज रुमाल हरवला, उद्या खून. सर कट्ट्यावर बसून बोटांवर मोजायचे, चुकायचे, परत मोजायचे. आणि मग उतरून माझ्याकडे बघत म्हणायचे, "हिशेब बराबर आहे. पण ज्याला शक आला तो बोटं मोजतो का, बेटा?"

तिपाईवरचे साहेब हसरे. एवढ्याशा रुमालासाठी एवढं मोठं नाटक कशाला, असं त्यांना वाटे. त्यांच्यावरून एक किस्सा गावभर झाला होता. सर नोकरीत असताना नवे शाळा तपासनीस भेटीला घरी आले आणि सरांनी हात आडवा धरायच्या आत तिपाईवर बसले. सर समोर उभे राहून अदबीने म्हणाले, "तर मंग साहेब, तुमचं म्हणणं की रुमाल फार लहान आहे."

तपासनीस म्हणाले, "कोणता रुमाल?"

"हेच!" सर ओरडले. "हेच तर तुमचं चुकून राह्यलंय! लहान आहे म्हणूनच त्याच्यावर भरोसा बसतो. मोठी गोष्ट असली तर माणूस चौकशी करतो. रुमालाची कोण चौकशी करणार?"

तपासनिसांनी चहा घेतला की नाही ते कोणी सांगत नाही. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी स्वतःचा रुमाल काढून घाम पुसला आणि लगेच खिशात लपवला.

खोलीच्या कोपऱ्यात सरकीचं एक पोतं होतं. ते मला बरेच दिवस सामानातलंच वाटलं. एकदा मी त्याला टेकले तर सर म्हणाले, "जरा सरकून बस बेटा. तिथं केदारखेडा बसलंय."

केदारखेडा सरांचं गाव, भोकरदनकडे. एका वर्षी सुगीला ते भावाकडे गेले होते. खळ्यावर माणसं निवांत बसलेली पाहून त्यांनी सगळं नाटक सांगितलं आणि विचारलं, चूक कोणाची? मग सरांचा एक चुलतभाऊ म्हणाला, "येवढा शक आल्ता तर बायकोला माहेरी धाडून द्यायची. चार महिने राह्यली असती. डोकं थंड झाल्यावर आणली असती. मारायचं काय कारण?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर मात्र रात्रभर तळमळले म्हणे. जालन्याला परत येताना त्यांनी त्याच्याच खळ्यावरून सरकीचं पोतं मागून आणलं आणि कोपऱ्यात ठेवलं, कारण ज्याने मत दिलं त्याला जागा दिली पाहिजे.

"कोण्या साहेबानं हे लिहिलं न्हाई," ते मला म्हणाले. "पण चुलतभावाला एक माहीत न्हवतं. तिला माहेर उरलंच न्हवतं. बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं तिनं. आणि बाप जाताना जावयाला काय म्हणून गेला? मला फसवलं हिनं, तुलाही फसवील. दोस्त तर नंतर आला. पहिला शक बापानं घातला. बापानं." मग पोत्याकडे बघून, जणू चुलतभाऊ समोर आहे असं, "कुठं धाडणार होता रे?"

मी खाली मान घालून लिहून घ्यायचे. परीक्षेला याचा काय उपयोग, हा प्रश्न मला पडायचा. पण घरी गेल्यावर आप्पा जेवायला बसले की मी त्यांच्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, या माणसाशी मी शेवटचं कधी बोलले होते?

सरांची दुसरी ख्याती दोऱ्याची. त्यांच्या पुस्तकात चौथा अंक संपला की पुढची पानं पांढऱ्या दोऱ्याने आडवी-उभी बांधलेली होती. पाचवा अंक ते शिकवत नसत. शेवट काय होतो ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मुलं तो गाइडातून पाठ करायची. पण सरांनी तो वाचलेला कोणी ऐकला नव्हता.

त्याचीही गावात टीका चालायची. आमच्याकडे आप्पांसोबत चहा प्यायला येणारे शेठजी कापसाचे व्यापारी. त्यांचं घराणं मारवाडातून येऊन पिढ्या झालेल्या. ते म्हणायचे, "बाबूजी, शेवट सांगितला की गिऱ्हाईक उठून जातं. मास्टरसाहेबांना धंदा समजतो." टांगेवाला म्हणायचा, पाचव्या अंकात काहीतरी आहे, तो वाचला की त्या घरात भांडण लागतं. हायस्कुलातल्या एका मास्तरांचा सिद्धांत होता की सरांनी तरुणपणी काकूंवर संशय घेतला असणार. हे काकूंना विचारायचा मला धीर झाला नाही, पण त्यांच्या कानावर ते आधीच होतं आणि एका दुपारी त्यांनीच विषय काढला.

"माझ्यावर?" काकू हसून हसून शेंगांच्या टोपलीवर वाकल्या. "अगं, मी दिवसभर कुठं असते त्याचा ह्यांना पत्ता नसतो. शक घ्यायला ध्यान पाहिजे, माय." मग डोळे पुसत म्हणाल्या, "दोरा मी बांधलाय. त्या बाईला मारतात आणि हे दोन-दोन दिस जेवत न्हाईत. दरसाल, नुसतं मनातल्या मनात वाचलं तरी. मी भाकरी थापायची आणि ह्यांनी भिंतीकडं बघत बसायचं. म्हटलं, आता पुरे. मरू द्या तिला, पण माझ्या घरात न्हाई."

आत सर मान खाली घालून पुस्तकाचा पुठ्ठा पुसत होते. एखाद्या मुलाची तक्रार त्याच्यासमोर चालावी तसे.

एका दुपारी सर पेटी, खुर्ची, कट्टा सगळं फिरून दमले आणि मधे उभे राहून म्हणाले, "ह्या सगळ्या साहेबांना एक दिसलं न्हाई. चार अंक झाले. चार अंकांत तिला कोणी एक सवाल विचारत न्हाई. एक सवाल!"

आणि मी बोलले. का ते मला माहीत नाही. "सर, विचारतो. चौथ्या अंकात विचारतो."

काकूंचा हात ज्वारीत थांबला. सर माझ्याकडे वळले. "काय विचारतो?"

"तू कोण आहेस, म्हणतो. तू खरी आहेस अशी शपथ घे, म्हणतो. त्याच्याआधी रुमाल कुठे आहे तेही विचारतो." माझे कान तापले होते. "पण कोणाला दिलास, ते विचारत नाही. त्या माणसाचं नाव घेत नाही. चार अंक संपतात तरी तिला कळतच नाही आपल्यावर आळ कोणावरून आहे."

सर तडक आत गेले. मला वाटलं, रागावले. ते देवघरातला चौरंग घेऊन बाहेर आले. देव कुठे ठेवले असतील ते मला आजही माहीत नाही. त्यांनी तो चौरंग बरोबर खोलीच्या मधे, पेटी आणि खुर्ची यांच्यामधे ठेवला.

"बस," ते म्हणाले.

"अहो, देव!" काकू ओरडल्या.

"देव उभे राहतील थोडा वेळ."

त्या दिवसापासून मी चौरंगावर बसायला लागले.

ती हिवाळ्याची गोष्ट. त्या आठवड्यात एका संध्याकाळी एकदम गार वारं सुटलं. मी निघाले तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं, खुंटीवर हात घातला आणि तिथला मफलर माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. हिरव्या लोकरीचा, पिवळ्या पट्ट्यांचा. मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ धुऊन परत द्यावा म्हणून अंगणात दोरीवर वाळत घातला.

आई तेव्हा मावशीच्या बाळंतपणाला परभणीला गेली होती. घरात आप्पा आणि मी.

शेठजी चहाला आले. अंगणातून येताना ते दोरीपाशी थांबले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, त्यांनी मफलराचं टोक हातात घेऊन वीण बघितली. मग आत येऊन बसले. चहा ठेवून मी आत आल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, खालच्या पट्टीत.

"बाबूजी, मी भल्यासाठी सांगून राह्यलो. मन दुखवू नका. दोरीवर जे आहे ना, ते आमच्या घरचं आहे. मुलाच्या आईनं विणलं. अशी पट्टी जालन्यात दुसरी न्हाई."

आप्पा म्हणाले, "काय सांगता?"

"मुलगा मास्टरसाहेबांकडे जातो. तुमची बेटीही जाते. सकाळ अलग, दुपार अलग, असं म्हणतात. मी काही म्हणत न्हाई. उमर तशी आहे."

"मुलाला विचारलंत?"

"जवान मुलाला काय विचारायचं, बाबूजी? विचारलं की लिहाज गेला. बाप-लेकात एक परदा पाहिजे."

आप्पांनी हे मान्य केलं असावं, कारण त्यांनीही मला काही विचारलं नाही. आमच्यासारख्या घरांत ही माया समजली जायची. मुलीला विचारणं म्हणजे शंका तोंडाने बोलून दाखवणं, आणि बोललेली शंका परत घेता येत नाही. म्हणून न विचारता बंदोबस्त करायचा. जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, "उद्यापासून शिकवणीला जायचं नाही. परभणीला पत्र टाकलंय. मावशीने सांगितलेलं स्थळ अजून आहे. आई आली की बघू."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा काय, होतात."

मला इंटर व्हायचं होतं, कारण गावात मुलींची शाळा वाढत होती आणि इंटर झालेल्या बाईला तिथे घेणार होते. ही इच्छा मी कोणालाही सांगितली नव्हती, आप्पांना तर नाहीच. आता सांगायची म्हटलं तर आधी मफलराचं सांगायला हवं होतं, आणि मफलराचं तर कोणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं? मी मफलर दोरीवरून काढला, घडी केला आणि उशाखाली ठेवला. तो तिथे ठेवल्यावर मला कळलं की आता हे खरंच एखाद्या गुपितासारखं दिसतंय. मी तो काढून कपाटावर ठेवला. तेही तसंच दिसत होतं.

घरात आम्ही दोघं एकमेकांशी पाणी हवं का एवढंच बोलत होतो. टांगा येऊन दारात थांबायचा, आप्पा त्याला हात हलवून परत पाठवायचे.

रविवारी सकाळी मात्र टांगा भरून आला. आधी सर उतरले, शेरवानीची बटणं वरपर्यंत लावलेली. मग काकू, ज्या कधी पूल ओलांडत नसत. मग शेठजींचा मुलगा, चेहरा उतरलेला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. शेठजी आमच्याकडेच चहाला बसलेले होते. मुलाला पाहून त्यांचा कप बशीवर वाजला.

आप्पांनी खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत.

"बाबूजी, मला सवाल विचारायची इजाजत पाहिजे. चार-पाच सवाल. जास्त न्हाईत."

"मास्टरसाहेब, हे घरचं..."

"घरचंच आहे. टांगेवाल्यानं सांगितलं, पोरीला मना झाली. बाजारात कोणीतरी मफलराचं बोललं. आमच्या घरातून मफलर गेला, मंग जवाब आमच्याकडे." ते मुलाकडे वळले. "तुझा मफलर कुठं आहे?"

"हरवला, सर."

"कुठं?"

"तुमच्याकडंच. खुंटीला विसरलो. दुसऱ्या दिवशी आल्तो तर न्हवता."

"पोरीला तू दिला?"

मुलगा इतका लाल झाला की शेठजींनीच मान फिरवली. "न्हाई सर. मी तर... ह्या दुपारी येतात. मी तर ह्यांना पाह्यलं पण न्हाई."

सर माझ्याकडे वळले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्यांनी आवाज खाली आणला. "बेटा, मफलर तुला कोणी दिला?"

"काकूंनी."

"मी दिला," काकू पुढे येऊन म्हणाल्या. "पोरगी कुडकुडत होती. खुंटीवर दिसलं ते दिलं. उद्या घोंगडं दिसलं असतं तर घोंगडं दिलं असतं. तुमच्या घरात थंडी वाजली तर काय करता, भाऊ? आधी विचारता लोकर कोणाची?"

मग शेठजी हसायला लागले. आधी ओशाळून, मग खरोखर. "माफ करा, बाबूजी. माफ कर, बेटी. मी तर बिलकुल भल्यासाठी..."

"बराबर," सर म्हणाले. "भल्यासाठीच असतं."

मुलाने हळूच विचारलं, "मंग मी माझा मफलर घेऊ का? माँ रोज विचारून राह्यली."

मी कपाटावरून तो आणून दिला. सगळ्यांनी चहा घेतला. निघताना सरांनी आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले आणि एवढंच म्हणाले, "जरा विचारत जा, बाबूजी. पोर जवाब देते." टांगा वळेपर्यंत आप्पा अंगणात उभे होते. मग आत आले, पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अभ्यास कुठवर आलाय तुझा?"

मला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी मला माझ्याविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी तिथेच बसून सगळं सांगितलं. शाळेचंसुद्धा.

परीक्षा जवळ आली. गाइडवर भागेना. मी काकूंना म्हटलं, पाचवा अंक वाचायलाच हवा, पुस्तक दुसरं नाही. काकूंनी पदराला हात पुसले. मग दोऱ्याची गाठ दातांनी सोडली.

"वाच. पण ह्यांच्यापासून लांब."

लांब जायला ती खोली पुरत नव्हती. सर उठून बाहेरच्या उंबऱ्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. तिपाई, पेटी, खुर्ची, कट्टा, पोतं, सगळे आपापल्या जागी. मी मधे चौरंगावर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझा आवाज कापला नाही, याचं मला वाचतानाच नवल वाटलं.

शेवटच्या प्रवेशात तो नवरा दिवा घेऊन येतो. आता कुठे, सगळं ठरवून झाल्यावर, तो त्या माणसाचं नाव घेतो आणि रुमालाचं बोलतो. तिला पहिल्यांदा कळतं आळ कोणावरून आहे. आणि ती काय मागते? दया नंतर मागते. आधी ती सांगते की त्या माणसाला इथे बोलवा आणि त्यालाच विचारा.

मी थांबले.

त्याला बोलवा. त्याला विचारा. रविवारच्या सकाळी टांग्यातून उतरलेला तो लाल झालेला मुलगा मला दिसला. पूल न ओलांडणाऱ्या काकू दिसल्या. ज्यांनी पाचवा अंक शिकवलाच नाही, त्यांना त्यातला शब्द न् शब्द माहीत होता. पुस्तकात त्या बाईचं मागणं कोणी पुरं करत नाही. तो नवरा म्हणतो, आता त्याला विचारता येणार नाही, त्याचं तोंड बंद झालंय. सरांनी ते आमच्या घरी येऊन पुरं केलं होतं.

मी उंबऱ्याकडे पाहिलं. सरांची पाठ वाकलेली होती. त्यांचे ओठ हलत असावेत, कारण मानेची शीर हलत होती. मी वाचायच्या आधीच ते पुढच्या ओळीवर पोचले होते.

"सर," मी म्हटलं, "पुढचं नको. मी गाइडातून करीन."

ते मागे वळले नाहीत. आरामखुर्चीशी आणि पेटीशी ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात ते म्हणाले, "थांबू नका, साहेब."

मला ते साहेब म्हणाले होते. मी पान उलटलं आणि वाचायला लागले. आतून काकूंनी चुलीवरचा तवा खाली उतरवल्याचा आवाज आला.